सात वाड्यांचा फोन

बुधवारी उपास करणारं माणूस आगरकोंडात अजून जन्माला यायचंय. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, सगळं कबूल. पण बुधवार मासळीचा. त्या दिवशी सातही वाड्यांत सकाळपासून वाटण वाटून तयार असतं आणि पूर्णगडची एसटी वळणावर दिसली की बायका ताटल्या घेऊन ओट्यावर येतात. म्हणून तळीवाडीच्या तुळसाकाकीनं लांबूनच हात हलवून "आज नको गो सोनू, उपास हाय" म्हटलं, तेव्हा सोनूबाई डोर्लेकर पाटी डोक्यावर तशीच ठेवून अंगणात उभी राहिली.

"उपास? बुधवारचा? कोणचा देव नवीन आणलास गो काकी?"

तुळसाकाकी सुपातले तांदूळ पाखडत राहिली. त्या तांदळात एक खडा नव्हता, हे सोनूबाईला अंगणातून दिसत होतं.

शेजारच्या सखूकडे पाहुणे येणार होते आणि ते माळकरी निघाले. तिच्या पलीकडे सगळ्यांची पोटं एकदम बिघडलेली. गुरववाडीत तर दारंच लोटलेली होती, आतून मिक्सरचा आवाज येत होता आणि हाक मारली की मिक्सर बंद. तीन वाड्या झाल्या, पाटीतला एक बांगडा हलला नाही. सोनूबाईच्या कपाळाची शीर उडायला लागली. बाई तापट, त्यात ऊन चढलेलं. "मेल्यांनो, नको तर नको म्हणा! देवाला कशाला मधे घालता?" असं ती रस्त्यात उभी राहून ओरडलीसुद्धा. वर आंब्यावरचा एक कावळा उडाला, एवढंच उत्तर आलं.

ही सोनूबाई कोण ते आधी सांगायला हवं. पूर्णगडच्या खारवीवाड्यातली. लग्न होऊन आली तेव्हा अठरा वर्षांची होती, शाळा तिसरीपर्यंत. नवरा आत्माराम लाँचवर खलाशी. सासूनं पहिल्याच वर्षी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि म्हणाली, आगरकोंडाच्या सात वाड्या आजपासून तुझ्या. तेव्हापासून तीस-बत्तीस वर्षं झाली. पहाटे बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, बर्फ घालायचा, सातची एसटी धरायची आणि मग वाडी वाडी पायानं. मधे आत्मारामाची कंबर गेली, त्याची लाँच सुटली. तिची फेरी सुटली नाही. मुलगी श्रद्धा शिकून रत्नागिरीत एका डॉक्टरांकडे नोकरीला लागली, तीही या पाटीवरच.

आणि मासळीवाली म्हणजे नुसती मासळीवाली नव्हे हो. तळीवाडीची लेक पूर्णगडाकडे दिलेली असली तर तिच्या आईचे लाडू कोण नेणार? सोनूबाई. कोणाचा निरोप, कोणाच्या बाळाचं औषध, कोणाचं बांधून दिलेलं गाठोडं, सगळं पाटीच्या बाजूला फडक्यात. सासूनं एक शिस्त घालून दिली होती, दुसऱ्याचं गाठोडं सोडून बघायचं नाही. आत लाडू असोत नाहीतर भांडण असो, आपण पोचवायचं. सोनूबाईनं ती शिस्त जन्मभर पाळली, आणि तिला त्याचा गर्व होता. का नसावा?

कोरोनाच्या सालात शाळा बंद झाल्या. आगरकोंडात टॉवर आहे, पण तो शोभेला. वीज असली तर गुरववाडीच्या आंब्याखाली तासभर रेंज येते, वीज गेली की तीही नाही. मुलांचा अभ्यास अडला. तेव्हा शाळेच्या गुरुजींनी सोनूबाईला गाठलं. श्रद्धानं तिला आपला जुना फोन दिलेला होता. गुरुजींनी त्यात एक ॲप घातलं आणि दाखवलं, की दोन फोन जवळ आणायचे, एकानं "पाठव" दाबायचं, दुसऱ्यानं "घे" दाबायचं आणि पडद्यावरचा चौकोन दाखवायचा. इंटरनेट नको, रेंज नको, पैसे नकोत. पूर्णगडात अभ्यास भरून घ्यायचा आणि वाडीवाडीत उतरवायचा.

बाईला मजाच वाटली. हे तर आपलंच काम की! गाठोडं तेवढं दिसत नाही.

अभ्यासानंतर बाकीचं आलं. मालिकेचा चुकलेला भाग, मुंबईच्या नातवाचा पहिला वाढदिवस, लग्नपत्रिका, रेशनचा फॉर्म, भजनं. सोनूबाईच्या फोनातून ते मधलीवाडीच्या शमिकाच्या फोनात जायचं, शमिका हळदीकुंकवाला गेली की तिथल्या चौघींच्या फोनात, त्यांतली एक बारशाला लांज्याला गेली की तिकडे. फोन माणसाबरोबर चालायचा, माणूस माणसाला भेटलं की वस्तू पुढं जायची. दोन दिवसांत पोचेल, चार दिवसांत पोचेल, पण पोचेल. गावात तिला "आमची चालती रेंज" म्हणायला लागले. ती वरवर रागवायची आणि आतून फुलायची.

तर त्या बुधवारी मधलीवाडीला येईपर्यंत फुललेलं सगळं उतरलं होतं. पाटीतला बर्फ वितळून पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. शमिका विहिरीवर होती. नवीन सून, बोलायला मोकळी, पण आज तीही घागर भरून घाईघाईनं निघाली. सोनूबाईनं तिची वाट अडवली.

"तू तरी खरं सांग गो बाय. काय केलंय मी तुमचं?"

शमिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं कमरेचा फोन काढला आणि पडदा पुढं धरला.

व्हिडिओ होता. एका पुरुषाचा भारदस्त आवाज सांगत होता, पूर्णगडच्या काही मासळीवाल्या मासळी टिकावी म्हणून मुडद्यांना लावायचं औषध लावतात, घरात लेकरं आणि म्हातारी माणसं असतील तर सावध राहा, खात्रीच्या गाडीवरूनच मासळी घ्या. आवाज चालू असताना एक फोटो दिसत होता. निळी पाटी, एका कडेला तडा गेलेली, तिथं लाल वायर गुंडाळलेली. पाटी धरलेल्या हातावर गोंदण. सोनूबाईनं आपल्या हाताकडे बघितलं, मग पाटीच्या लाल वायरकडे.

"हा माझा हात," ती म्हणाली. "कोणी दिला तुला हा?"

शमिकानं घागर खाली ठेवली.

"कोणी दिला?"

"तुमीच, मावशी. गेल्या शुक्रवारी. तुमच्याच फोनातून आला."

विहिरीच्या कठड्यावर बसली सोनूबाई. गेल्या शुक्रवारी पूर्णगडच्या स्टॉपवर विनोद आला होता, तो टेम्पोवाला. चार महिन्यांपूर्वी त्यानं टेम्पो घेतला होता, वर भोंगा, आत बर्फाच्या पेट्या, गावोगाव फिरून मासळी विकायचा. आगरकोंडात मात्र त्याचं काही चालेना, कारण तिथं सोनूबाई. तरी बोलायला गोड. "मावशे, आरोग्याची माहिती हाय, लोकांच्या कामाची, सातही वाड्यांत टाक गो," म्हणाला आणि फोनला फोन लावून दिला. तिनं गाठोडं उघडलं नाही. शिस्तच ना! सातही वाड्यांत, हसत हसत, आपल्या हातांनी आपलंच विष वाटून आली.

"तुमी बघितला नव्हता?" शमिकानं विचारलं.

"नाय गो."

"आमाला वाटलं, तुमी स्वतः देताव म्हणजे खरंच असंल. बाजूच्या गावातनं आला असता तर कोणी मानला नसता. सोनूमावशी खोटं कशाला आणंल?"

हे मात्र लागलं. विनोदाच्या रागाहूनही जास्त. तीस वर्षांचा भरवसा कमावला, आणि त्या मेल्यानं त्याच भरवशाचं टपाल केलं. ती मासळी त्या दिवशी तिनं खाडीत ओतली. रडली नाही. रडायचं ते नंतर बघू, म्हणाली.

घरी आत्मारामनं ऐकून घेतलं आणि पाटावरून म्हणाला, "सोड गो ती फेरी. वय झालं. बंदरावर बसून वीक काय विकायचं ते."

"का सोडू? चोरी मी केली?"

"लोकांची तोंडं धरायला जाणार हायस काय?"

"जाणार हाय."

श्रद्धाला फोन लावला. ती आधी भडकली, मग डोकं ताळ्यावर आणून म्हणाली, "आये, पोलिसांत तक्रार करू आपण. पण त्याआधी एक कर. ते ॲप काढू नको, फोन कोणाच्या हातात देऊ नको. त्यात आलेल्याची यादी असते. काय आलं, कधी आलं, कोणाच्या फोनातनं आलं, सगळं लिहून राहतं." सोनूबाईनं चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत यादी बघितली. शुक्रवार. सकाळी सहा चाळीस. पुढं नाव: "विनोद फ्रेश फिश". मेल्यानं ऐटीत आपल्या फोनाला धंद्याचं नाव दिलेलं!

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्वतःच आला की. पायरीवर चपला काढून, नम्र होऊन.

"मावशे, वाईट वाटलं ऐकून. मलाही तो कुठनंसा आलेला, मी नुसता पुढं दिला. तुझी पाटी हाय त्यात हे माझ्या ध्यानातच नाय आलं. आता असं कर, तुझा फोन दे माझ्याकडे, मी सगळं साफ करून देतो. आणि हे उन्हातानात फिरणं सोड. माझ्या टेम्पोवर बस. आगरकोंडातली माणसं तुला ओळखतात, तू नुसतं बसायचं. दिवसाचा रोज देईन तुला."

आत्माराम तिच्याकडे बघत होता. त्या घराला रोज नको होता असं नाही. सोनूबाईनं फोन पदरात बांधला, गाठ दोनदा आवळली आणि उभी राहिली.

"विनोदा, तुझ्या आवशीबरोबर मी लिलावात उभी राह्यलेली हाय. ती असती तर तुला इथंच चपलेनं फोडला असतान. माझं नाव मातीत घालायचं आणि मग तेच नाव टेम्पोवर बसवून विकायचं? ऊठ! आणि फोन साफ करायला निघालायस, आधी तुझं तोंड साफ कर."

तो गेला. जाताना म्हणाला, "बघू किती दिवस फिरतेस रिकामी." ती दारातून ओरडली, "रिकामी कशाला, भरून फिरीन!" शेजारणी बाहेर आल्या होत्या, तर बाईला आणखी जोर चढला.

पण जोर चढून काय उपयोग? खोटं तर सुटलं होतं. फोनात येऊन बसलेलं असं परत बोलावता येत नाही. रेंजवर पाठवलेलं असतं तर एक वेळ पाठवणाऱ्याला पुसता तरी आलं असतं. हे हातातून हातात गेलेलं, ज्याच्या त्याच्या फोनात घर करून बसलेलं. पोलीस विनोदाला बोलावतीलही, पण सात वाड्यांच्या फोनात कोण शिरणार? श्रद्धा म्हणाली, "आये, हे आता कुठंकुठं गेलं असंल, देव जाणे." सोनूबाई म्हणाली, "देव कशाला जाणे? ज्यानं दिलं तो जाणे. मी दिलं तेवढं मला ठाऊक हाय. त्यांनी कोणाला दिलं ते त्यांना ठाऊक. तसंच मागं मागं जायचं."

शुक्रवारी ती सातच्या एसटीत चढली. पाटीत बांगडे होते, आणि शिवाय एक टोप, फडक्यात बांधलेला भात, आमसुलं, तिरफळं, वाटलेलं वाटण, काडेपेटी. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, पिकनिक काय?" "व्हय, तू पण ये," म्हणाली.

मधलीवाडीच्या एसटीच्या शेडबाहेर तिनं तीन दगड मांडले. वाळक्या काटक्या गोळा केल्या. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या समोर, पाटीतले बांगडे काढून साफ केले, कल्ल्यांचं लाल लाल रक्त हातावर घेऊन दाखवलं आणि टोपात बांगड्यांचं तिखलं, झणझणीत कालवण, चढवलं. तिरफळांचा वास सुटला. तो वास आगरकोंडातल्या माणसाला घरात बसू देत नाही. आधी दोन कुत्रे आले, मग शमिका आली, मग हळूहळू बायका. कोणी जवळ येईना, लांब अर्धवर्तुळ करून उभ्या. तिनं केळीच्या पानावर भात घेतला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जेवायला बसली. चांगले चार बांगडे खाल्ले. काटे चोखले. बोटं चाटली. शमिका तिच्या फोनात सगळं उतरवून घेत होती, तिला सोनूबाईनंच सांगितलं होतं.

"आता बघा," हात धुऊन ती म्हणाली. "मी मेल्ये तर पूर्णगडला कळवा. नाय मेल्ये तर ऐका." आणि पदराची गाठ सोडून फोन काढला, यादी उघडली. शमिकानं मोठ्यानं वाचली. तारीख, वेळ, "विनोद फ्रेश फिश". मग शमिकानं आपल्या फोनातली यादी वाचली, तिथं होतं "सोनूबाई". मग दुसरीनं आपला फोन काढला, तिथं "शमिका". तिसरीच्या फोनात दुसरीचं नाव. एकेकीचा आवाज खाली जायला लागला. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

"मावशी, चुकलं आमचं," कोणीतरी म्हणालं.

"चुकलं माझंपण. बघितल्याशिवाय आणलं. तुमी मासळी घेताना कल्ले वर करून बघताव ना? मी तुमचीच माणूस, तरी बघताव. मग ह्याचे कल्ले कोणीच का नाय बघितले? आजपासून मला दाखवल्याशिवाय मी काय घेणार नाय आणि बघितल्याशिवाय काय देणार नाय. राह्यली तुमची गोष्ट. हा शमिकानं उतरवलेला व्हिडिओ आणि ही यादी, दोन्ही घ्या. आणि ज्याला ज्याला तुमी ते खोटं दिलंत, त्याला त्याला तुमीच हे खरं द्यायचं. स्वतः जाऊन. जिनं नाय दिलं तिला माझी मासळी नाय!"

आता गंमत बघा. मासळी कोणी मागतच नव्हतं, पाटी काठोकाठ भरलेली, आणि ही बाई वर अट घालत होती! पण तिचा आवाजच असा होता की बायकांनी मान हलवली.

खोटं सात वाड्यांत पसरायला पाच दिवस लागले होते. खऱ्याला दीड महिना लागला. खोटं सांगायला माणूस धावत जातं, चूक कबूल करायला कोणाचा पाय उचलतो? बायका म्हणायच्या, "दिलं दिलं," आणि दिलेलं नसायचं. सोनूबाई दर बुधवारी, शुक्रवारी, रविवारी येत राहिली. कधी चार घरं घ्यायची, कधी एक. ती यादी उघडायला लावायची. "दाखव, कोणाला दिलंस. तुझी नणंद लांज्याला? मग कधी जाणार हायस लांज्याला? नाय जायला होत? मग जाणाऱ्याच्या फोनात घाल." माणसं वैतागली तिच्यावर. ती हटली नाही. घरी दोन वेळची ओढाताण सुरू झाली, आत्माराम गप्प बसायचा, श्रद्धा महिन्याला थोडे पाठवायची. सोनूबाई भात आणि सुकी मासळी खाऊन पुन्हा सातची एसटी धरायची.

शेवटी शिमगा आला आणि पालखी निघाली. पालखी घराघरात जाते, तिच्यामागून अख्खा गाव, मुंबईची माणसं, माहेरवाशिणी, सगळे फोन घेऊन. फोनाला फोन भिडायला याहून मोठा दिवस नाही. आधी लाजलेल्या बायका आता घोळक्यात धीट झाल्या. ओटी भरता भरता, नारळ देता देता, "हे घे, ते खोटं होतं, ते पूस," असं चाललं. लांज्याची नणंद आली होती, तिनं घेतलं. मुंबईचे दीर आले होते, त्यांनी घेतलं. शिमग्यानंतरच्या पहिल्या बुधवारी तळीवाडीच्या ओट्यांवर ताटल्या दिसल्या. सोनूबाईनं सगळ्यांना बांगडे वाढून दिले, आणि पाठमोरी होऊन डोळे पुसले. आता रडायला हरकत नव्हती.

विनोदाला पोलिसांनी बोलावून समज दिली. त्याचा टेम्पो आगरकोंडात यायचा बंद झाला, बाकीच्या गावांत मात्र फिरत होता. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सखूच्या मनातून ती संपली नव्हती.

चैत्रातला शुक्रवार. तळीवाडीत सखूच्या अंगणात आठ-दहा बायका जमल्या होत्या, तुळसाकाकी पायरीवर बसलेली. सखू म्हणजे तडफदार बाई, जीव लावील तर जीव देईल. तिनं सोनूबाईची पाटी स्वतः उतरवून घेतली, सगळ्यांच्या ताटल्यांत बांगडे पडले आणि मग तिनं फोन पुढं केला.

"घे. भावानं मुंबईत बनवलाय. एकदम भारी. तुझ्या फोनात घाल आणि पोचव सगळीकडं. तो मेला पुन्हा उभा नाय राह्यचा."

"आधी बघीन," सोनूबाई म्हणाली आणि चष्मा लावला.

विनोदाचा टेम्पो होता, नंबरासकट. भारदस्त आवाज, तसाच. हा माणूस मेलेले, किनाऱ्याला लागलेले मासे उचलून विकतो. याची मासळी खाऊन तिघं दवाखान्यात. याला दारात उभं करू नका. खाली विनोदाचा फोटो.

खरं सांगायचं तर सोनूबाईनं तो व्हिडिओ पुन्हा एकदा लावला. तिला ते हवं होतं. तो दीड महिना, खाडीत ओतलेली मासळी, नवऱ्याचं गप्प बसणं, सगळं वर आलं. तिच्या फोनातून गेलेलं आता माणसं डोळे मिटून मानतात, तिनं कल्ले बघून दिलंय म्हणून. पाच दिवस. पाच दिवसांत तो संपेल. दे गो, तिचं मन म्हणालं, दे, त्यानं काय केलं तुझं?

"सखू, हे तू बघितलंस? किनाऱ्यावरचे मासे उचलताना?"

"मी कशाला बघू? तो काय सोडणार हाय होय?"

"काकी, तू बघितलंस? कोणी बघितलंत? ते दवाखान्यातले तिघं कोण?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक बाई हळूच म्हणाली, "पण मावशी, त्यानं तुमचं असंच केलं ना."

"व्हय. असंच केलं," सोनूबाई म्हणाली. आणि सगळ्यांना दिसेल असा फोन धरून तिनं तो व्हिडिओ सखूच्याच फोनात पुसून टाकला. "भावाला सांग, हे माझ्या हातनं जाणार नाय. आणि दुसऱ्या कोणाच्या हातनं गेलं ना, तर वाडीवाडीत मीच सांगीन, खोटं हाय म्हणून. त्याच्यासाठी सांगीन. ऐकतेस ना? त्या मेल्या विनोदासाठी मी फिरीन."

सखूचं तोंड लाल झालं. "आमी तुझ्यासाठी गावभर तोंडं वाईट केली. माफ्या मागितल्या लोकांच्या. आणि तू त्याची बाजू घेतेस?"

"मी कोणाची बाजू घेत नाय."

"मग तुझी मासळीपण नको आमाला!" सखूनं ताटलीतले बांगडे उचलले आणि धाडकन पाटीत टाकले. तिचं बघून दुसरीनं टाकले. मग तिसरीनं. पाण्याचे शिंतोडे सोनूबाईच्या तोंडावर उडाले. तिनं चुंबळ डोक्यावर नीट केली आणि पाटीपाशी वाकली.

भरली पाटी एकटीनं डोक्यावर जात नाही. समोरून दुसऱ्याचा हात लागतो. कोणाच्याही दारात असो, मासळीवाली वाकली की घरची बाई हात लावते, न सांगता. त्या दिवशी आठ-दहा बायका उभ्या होत्या आणि एकही हलली नाही. सोनूबाईनं दम धरून ओढली. पाटी गुडघ्यापर्यंत आली आणि टेकली. पुन्हा ओढली. कंबरेत कळ निघाली, तिनं ओठ चावला. मदत मागायची नाही, असं तिनं ठरवलं होतं आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

तुळसाकाकी पायरीवरून उतरली. वय शहात्तर, हाताला कंप. तिनं पाटीची कड दोन्ही हातांनी धरली.

"काकी, तुला नाय झेपायचं."

"गप बस. उचल म्हणत्ये ना." मग सखूकडे वळून तिनं असा काही डोळा वटारला की सखूनं मान खाली घातली. "आपल्या वाडीतून बाई स्वतःची पाटी स्वतः उचलून गेली, असं मी मेल्यावर सांगा लोकांना. मी असताना नाय."

दोघींनी मिळून उचलली. पाटी डोक्यावर गेली. सोनूबाईनं एका हातानं ती सावरली, दुसऱ्या हातानं काकीचा खांदा दाबला आणि फाटकापर्यंत जाऊन वळली.

"सखू, रविवारी मी येणार हाय. घ्या नायतर नको घ्या. पण मी येणार हाय."

आणि ती गुरववाडीची चढण चढायला लागली.